कागदावर नसलेला मामा

पुरुष म्हणजे चौकोन आणि बाई म्हणजे गोल. लग्न झालं की दोघांच्या मध्ये आडवी रेघ, मुलं झाली की त्या रेघेतून खाली लोंबणाऱ्या काठ्या. थोरलं मूल डावीकडे, धाकटं उजवीकडे. कोणी वारलं असेल तर त्याच्यावर तिरकी रेघ. ज्या आजाराची चौकशी चालली आहे तो ज्याला झाला असेल, त्याची आकृती पेन्सिलीने काळी भरायची. एखादी गोष्ट ठाऊकच नसेल, तर तिथे प्रश्नचिन्ह. आणि समोर बसून जो हे सगळं सांगतो आहे, त्याच्या आकृतीकडे एक छोटा बाण.

एवढं कळलं की कोणाचंही घराणं एका कागदावर मावतं. दहा वर्षांच्या मुलालाही हे अर्ध्या तासात शिकवता येईल. खरी कसोटी असते ती काढता काढता समोरच्याचं ऐकण्यात. आणि खोडरबरचं घोडं नेमकं तिथेच अडत होतं.

खोडरबर हे अर्थातच तिचं खरं नाव नाही. ती जनुकीय समुपदेशनाच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होती. आईबापांकडून मुलांकडे रक्तातून काय काय येऊ शकतं, तपासणी करावी की नाही, केली तर तिचा अर्थ काय, हे घाबरलेल्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगायचं, हे त्यांचं काम. कागदावर एक रेघ काढली की ती दोनदा पुसायची, म्हणून वर्गातल्या एका मुलाने तिला हे नाव ठेवलं. तो स्वतः पुस्तकाची पानंच्या पानं धडाधड म्हणून दाखवायचा, म्हणून तिने त्याला पोपट म्हणायला सुरुवात केली. फिट्टंफाट झाली.

सगळ्यांत जास्त ती काय पुसत असेल, तर प्रश्नचिन्हं. कागदावर प्रश्नचिन्ह उरलं की तिला वाटायचं, आपलं काहीतरी विचारायचं राहिलं. मग ती पुन्हा विचारायची, पुन्हा पुसायची. शेवटी कागदाला भोक पडायचं.

"अगं, चाळण करायला घेतली आहेस का?" मोठ्या बाई विचारायच्या.

मोठ्या बाई म्हणजे विभागातल्या सगळ्यांत जुन्या समुपदेशक. विद्यार्थ्यांना खऱ्या पेशंटसमोर कधी बसू द्यायचं, हे त्या ठरवायच्या. त्यासाठी एक परीक्षा होती, आणि ती ज्या खोलीत व्हायची ती खोली रक्त घेतात त्या दालनाच्या मागे, बोळाच्या टोकाला होती. आत एक टेबल, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा खोका, भिंतीवर घड्याळ. एका भिंतीत काळपट काच, तिच्यामागे वही घेऊन बाई. दारावर दोन ओळी चिकटवलेल्या. घंटा वाजेपर्यंत भूमिका सोडायची नाही. खोलीतलं खोलीत.

भूमिका कसली, तर या खोलीत येणारे पेशंट उसने असत. नाटकात कामं करणारी चार-पाच माणसं विभागाने धरून ठेवली होती. आदल्या दिवशी त्यांना पाकिटातून एक कागद मिळायचा. तुमचं वय इतकं, धंदा अमुक, आईला हा आजार, भावंडं इतकी, आणि शेवटी हा प्रश्न विचारायचा. ते पाठ करून यायचे आणि असं काही बोलायचे की विद्यार्थी पुढचा प्रश्न विसरायचे.

भूमिका सोडली की थेट नापास, हा नियम पोरांना जाचक वाटायचा. बाई समजावून सांगायच्या, "इथे तुम्ही मनात म्हणालात ना, की हे तर खोटंच चाललंय, की ती सवय लागते. मग उद्या खरा माणूस रडत असतानाही मन हळूच तेच म्हणतं. म्हणून घंटा होईपर्यंत समोरचं माणूस खरं. त्यावर चर्चा नको."

दोन महिन्यांपूर्वी खोडरबर या परीक्षेत आपटली होती. तिच्यासमोर काकू होत्या. काकू दिवसा पडदे शिवायच्या आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करायच्या. पन्नाशी जवळ आलेली, आवाज खणखणीत. कागदावर त्या बेचाळीस वर्षांच्या शिक्षिका होत्या. आईला अडुसष्टाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झालेला, दोन मावश्या ठणठणीत, बाकी घराण्यात कोणालाच काही नाही. शेवटी डोळ्यांना रुमाल लावून त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे मला काही होणार नाही ना?" आणि खोडरबरला इतकी दया आली, की ती म्हणून गेली, "नाही हो ताई, तुम्हाला काही होणार नाही."

बाईंनी वही मिटली होती. "आपण ज्योतिषी नाही," एवढंच त्या बोलल्या.

पुन्हा परीक्षा द्यायची तर तेच प्रकरण आणि तोच पेशंट, अशी विभागाची पद्धत होती. जिथे पाय घसरला तिथूनच पुन्हा चढायचं. या वेळीही घसरला, तर वर्गातली बाकीची मुलं खऱ्या पेशंटपाशी बसणार आणि ही आणखी तीन महिने पाकिटातल्या माणसांपाशी. पदवीही तेवढीच लांबणार. तिने काकूंची ती वंशावळ घरी वीस वेळा काढली होती. आई, गोल, काळा. मावशी, गोल, पांढरा. मावशी, गोल, पांढरा. झोपेतही काढली असती.

आदल्या संध्याकाळी ती वडिलांच्या दुकानात बसली होती. वडिलांचं चष्म्यांचं दुकान. एका आजोबांच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवून वडील भिंगं बदलत होते.

"हे बरं, की मघाचं बरं?"

"दोन्ही सारखीच वाटतात," आजोबा म्हणाले.

"बरं. पुन्हा लावतो."

"अहो, तिसऱ्यांदा लावताय."

"चौथ्यांदाही लावीन. तुम्ही मला खूश करायला काहीतरी सांगून टाकाल आणि उद्या जिन्यात पडाल."

आजोबा गेल्यावर खोडरबर म्हणाली, "बाबा, एवढा वेळ कसा घालवता हो? मला तर समोरच्याला कळत नसलं की घाम फुटतो."

"त्यांना कळत नव्हतं ते ठीक होतं," वडील भिंग पुसत म्हणाले. "मलाही कळत नव्हतं. मग मी कशाला सांगू, कळलं म्हणून?"

परीक्षेच्या दिवशी काकू आल्या, त्यांनी कापडी पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि बसल्या. पिशवीतून अर्धवट शिवलेल्या पडद्याचं टोक बाहेर डोकावत होतं. घड्याळात पंधरा मिनिटं. काचेमागे बाई. खोडरबरने पेन्सिल उचलली.

सुरुवात झकास झाली. ताई, बसा, पाणी हवं का, आज काय विचारायला आलात. काकूंनी शाळेतल्या मुलांच्या कटकटीबद्दल दोन वाक्यं टाकली, तीही अगदी मागच्यासारखी. आई, अडुसष्टाव्या वर्षी. गोल, काळा.

"आईला भावंडं किती?"

"दोन बहिणी," काकू म्हणाल्या. "आणि एक भाऊ."

पेन्सिल थांबली. भाऊ? वीस कागदांत भाऊ नव्हता.

"भाऊ... कितवे?"

"आईच्या पाठचा. मामा."

तिने चौकोन काढला. चौकोनाचा एक कोपरा वाकडा झाला. "त्यांची तब्येत?"

"गेला तो. मी नववीत होते." काकू टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. "छातीत गाठ झाली होती. इथे, खिशाच्या मागे. खिशात पेन ठेवलं की टोचतं म्हणायचा. मग पेन पँटच्या खिशात ठेवायला लागला आणि सगळ्या पँटींना शाईचे डाग. मामी अशी करवादायची! आम्ही पोरं हसून हसून लोळायचो. गाठ आहे हे कळलं तोवर... पुरुषाला तिथे काही होतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

खोडरबरने चौकोन काळा केला. तिरकी रेघ मारली. "आणि मावश्या?"

"थोरली आहे, छान आहे. धाकटी एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. पोट फुगायचं, आम्हाला वाटलं अपचन. अंडाशयाचा निघाला."

आता हे काय चाललं होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण खोडरबरलाही ते समजत नव्हतं. बाईंनी कागद बदलला असेल का? बाई त्यासाठी प्रसिद्ध होत्या. एकदा त्यांनी पेशंटच्या कागदावर 'बोलताना सतत दाराकडे बघावे' एवढंच वाढवलं होतं आणि अर्धा वर्ग गारद झाला होता. हिने पाठ करून येऊ नये, म्हणून तेच प्रकरण आतून बदललं असेल. शक्य होतं. की काकू पाठ केलेलं विसरल्या आणि मनाला येईल ते रचत होत्या? नाटकातली माणसं, वाक्य सुटलं की वेळ मारून नेतातच. तेही शक्य होतं. आणि मग तिसरी गोष्ट मनात आली. हे काकूंचं स्वतःचं असेल तर? कारण कागदावरचा माणूस मरतो तेव्हा आजाराने मरतो. त्याच्या पँटीला शाईचे डाग पडत नाहीत.

पण बाईंनी मनात आणलं, तर त्या शाईचे डागही लिहितील. लिहितीलच!

एका कागदावर एकाच बाजूला तीन काळ्या आकृत्या. पुरुषाला स्तनाचा कर्करोग होणं फार क्वचितचं, आणि मावशीला अंडाशयाचा, तोही कमी वयात. वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात, हे असं एकत्र दिसलं की ते योगायोगावर सोडायचं नाही. एकच बिघडलेलं जनुक दोन्हीच्या मुळाशी असू शकतं, आणि ते पुढच्या पिढीत आलं असेल किंवा नसेल.

ती बोलत राहिली, कारण गप्प बसणं शक्य नव्हतं. "ताई, तुम्ही सांगितलंत ते महत्त्वाचं आहे. तुम्हाला काय होईल ते मला माहीत नाही. पण ते शोधायला एक रस्ता आहे, आणि तो मी तुम्हाला सांगू शकते." काचेमागे बाईंचं पेन हललं असेल, चांगला गुण पडला असेल. मागच्या वेळची चूक तिने दुरुस्त केली होती.

काकूंनी रुमाल काढला. डोळ्यांना लावला. "म्हणजे मला काही होणार नाही ना?"

तेच वाक्य. तोच सूर, तोच रुमाल, तोच हुंदका 'ना' वरचा. मघाशी मामाबद्दल बोलणारी बाई कोणी वेगळीच होती आणि ही पुन्हा पाकिटातली शिक्षिका होती. आपण काय सांगून बसलो, याचा जणू काकूंना पत्ताच नव्हता.

तीन मिनिटं उरली. गप्प राहावं, घंटा होऊ द्यावी, पास व्हावं. मग बाहेर विचारावं? पण खोलीतलं खोलीत, हाही नियमच. आणि विचारायचं तरी काय? तुमचा मामा खरा होता का?

पुन्हा लावून बघावं, तिच्या मनात आलं.

"ताई, मामा पेन कुठे ठेवायचे म्हणालात?"

"पँटच्या खिशात," काकू म्हणाल्या. रुमाल मांडीवर पडला. आवाज पुन्हा बदलला होता आणि त्यांचा उजवा हात आपसूक डाव्या छातीवर गेला होता, खिसा नसलेल्या ब्लाउजवर, खिसा चाचपावा तसा.

"काकू," खोडरबर म्हणाली.

या खोलीत त्या ताई होत्या. तिने काकू म्हटलं आणि ती भूमिकेतून बाहेर पडली. हे तिला कळलं, काकूंना कळलं, काचेमागेही कळलं असणार. "काकू, हे कागदावरचं आहे, की तुमचं?"

काकूंनी काचेकडे पाहिलं. मग तिच्याकडे. चेहरा कावराबावरा झाला.

"कागदावरचंच आहे," त्या म्हणाल्या. "कागदावरचंच. काय बाई विचारतेस?"

घंटा वाजली.

काकू उठल्या त्या कोणाशी न बोलता निघूनच गेल्या. खोडरबर बसून राहिली. म्हणजे बाईंचीच करामत, आणि आपण त्यात अलगद सापडलो. बारा मिनिटं उत्तम गेली होती. तेराव्या मिनिटाला आपण आपल्या हातांनी... तिला रडूही येईना.

बाई आत आल्या. वही काखेत, कपाळाला आठी.

"तो मामा कुठून आणलास?"

"मी?" खोडरबर बघतच राहिली. "तुम्हीच घातलात ना कागदात?"

"मी कशाला घालू? तेच प्रकरण ठेवायचं म्हणजे ठेवायचं. मला वाटलं, तू काहीतरी भलतं विचारलंस आणि तिने वेळ निभावून नेली."

काकूंनी परत आणलेलं पाकीट टेबलावर पडलं होतं. बाईंनी कागद काढला, चष्मा लावला, वरून खाली वाचला, खालून वर वाचला. मावश्या दोन, निरोगी. मामा नव्हताच.

तेवढ्यात पोपट दारातून डोकावला. त्याची परीक्षा आदल्या दिवशीच झाली होती आणि तो पासही झाला होता. "काकूंना हल्ली विसरायला होतंय," तो म्हणाला. "काल माझ्यासमोर नवऱ्याचा धंदा तीनदा बदलला. आधी सुतार, मग टपालात, मग पुन्हा सुतार. मी तिन्ही लिहून घेतले."

"तिन्ही?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकात म्हटलंय, पेशंट सांगेल ते लिहावं."

"जा बाबा तू."

तो गेला, पण त्याने गोंधळ वाढवूनच ठेवला होता. म्हणजे काकू रचूही शकतात. त्या स्वतःच म्हणाल्या, कागदावरचं आहे. कागदावर तर नाही. मग खोटं कुठलं? मामा, की ते वाक्य?

"बाई, आपण त्यांना फोन करून विचारायचं का?"

बाई खुर्चीत बसल्या. काकूंच्याच खुर्चीत. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं कोणी पाहिलं नसेल. "काय विचारायचं? मी तिला नाटक करायला बोलावलं. तिच्या घराण्यात डोकवायला नाही. तिने विचारलेलं नाही. एखाद्याला न जाणण्याचाही हक्क असतो, हे मीच तुम्हाला शिकवते ना? आणि समजा मामा खरा असेल आणि मी गप्प बसले, तर..." त्या थांबल्या. "मला कळत नाही गं. थांब जरा."

बाईंना कळत नाही, हे ऐकून खोडरबरला धीर यावा की धडकी भरावी, हेही तिला कळेना.

बाईंनी पाठ टेकली आणि काहीतरी मऊ लागलं म्हणून मागे पाहिलं. खुर्चीच्या पाठीला कापडी पिशवी तशीच होती. पडद्याचं टोक बाहेर.

आणि तेवढ्यात काकू दारात. धापा टाकत. "पिशवी राहिली माझी. गिऱ्हाईकाचा पडदा आहे, उद्या द्यायचाय." त्यांनी पिशवी घेतली. दोघींकडे पाहिलं. गेल्या नाहीत.

"एक विचारू का गं?" त्या खोडरबरला म्हणाल्या. "तू मघाशी तो चौकोन काळा का केलास?"

"कुठला?"

"मामाचा. जिन्यापर्यंत गेले, पण ते काही डोक्यातून जाईना. दोन वर्षं बघतेय, तुम्ही पोरं आईचा गोल काळा करता. बायकांचा आजार, म्हणून बायकांचे गोल. मामाचा चौकोन कशाला काळा करायचा?"

खोडरबरने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

"काकू, पुरुषालाही होतो तो. क्वचित. पण होतो, तेव्हा त्याच्या बहिणींकडे आणि त्यांच्या मुलींकडे आम्ही जरा नीट लक्ष देतो."

"पण मामाला झालं तर माझ्या आईचं काय? तिला काहीच नाही. चौऱ्याहत्तरची आहे, मला अजून दोन शब्द सुनावते."

"त्यांच्यातून काही न होताही ते पुढे येऊ शकतं. आलंच असेल असं नाही. धाकट्या मावशींचं जे झालं, तेही त्याच्याशी जोडलेलं असू शकतं."

काकू पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. खोडरबर उठली, तशा त्या हळूहळू दुसऱ्या खुर्चीत, विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे मामा तुमचा," बाई हलकेच म्हणाल्या.

"माझाच. मला कळलंच नाही हो. ही पोर इतकी घाबरलेली दिसली, की माझी वाक्यं पळाली. भावंडं किती विचारलं आणि तोंडातून मामाच निघाला. मग त्याच्यामागून मावशी. नंतर ही म्हणते, कागदावरचं का, तर मला वाटलं, गेलं आता माझं काम, पाठ करून आले नाही असं दिसेल. म्हणून म्हटलं, कागदावरचंच." त्या हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यातच विरलं. "दोन वर्षं तुम्ही पोरं मला हेच समजावताय. मावशी कोण, किती वयात, अंडाशय का स्तन. शब्द न् शब्द ऐकलाय मी. पण मी तो त्या शिक्षिकेसाठी ऐकत होते."

बाहेर रक्ताच्या दालनात कोणाचा तरी क्रमांक पुकारला.

"माझी मुलगी एकोणीसची आहे," काकू म्हणाल्या.

"पुढच्या आठवड्यात या," बाई म्हणाल्या. "पाकीट न घेता. तुम्हाला यावंसं वाटलं तर. नाही आलात तरी हरकत नाही, आणि मी कारणही विचारणार नाही."

काकू गेल्यावर बाईंनी वही उघडली आणि खोडरबरच्या रकान्यात लिहिलं. तिने उलटं वाचलं. भूमिका सोडली. नापास.

"नियम मी केलाय," बाई म्हणाल्या. "आज तुझ्यासाठी मोडला, तर उद्या पोपट पेशंटला मध्येच थांबवून विचारेल, हे खरं का खोटं. तीन महिन्यांनी पुन्हा."

"पण मी विचारलं ते चूक होतं का बाई?"

बाईंनी पेनला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "तू विचारलंस म्हणून ती घाबरून पळाली. चौकोन काळा केलास म्हणून परत आली. की तू विचारलंस म्हणूनच तिला परत यावंसं वाटलं? ठाऊक नाही. मला विचारशील तर मी चार दिवस विचार करीन आणि चारही दिवस वेगळं उत्तर देईन."

ते ऐकून घरी आलेली खोडरबर आणखीच भांबावून गेली. वडिलांनी विचारलं, "पास?" ती म्हणाली, "नापास. पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे तिला वाक्य सुचेना. वडिलांनी घाई केली नाही.

पुढच्या आठवड्यात काकू आल्या. खोली वेगळी, खिडकी असलेली. ती काळपट काच नाही. बाई समोर, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर खोडरबर, काकूंना विचारून, नुसती बघायला. तिने मांडीवर आपला कागद ठेवला होता.

"नमस्कार," काकूंनी घसा साफ केला. "मी शाळेत शिकवते, मुलं फार कटकट—" आणि एकदम तोंडावर हात. "अगं बाई!"

"तुम्ही पडदे शिवता," बाई म्हणाल्या.

"हो ना. पडदे. खुर्चीत बसलं की जिभेवर तीच बाई येते मेली." तिघी हसल्या, पण काकूंचे हात पिशवीच्या बंदाला पीळ घालत होते.

मग बाईंनी विचारलं आणि काकूंनी सांगितलं, या वेळी अडखळत, चुकत, "नाही नाही, थांबा, तो आधी गेला" म्हणत. खरी माणसं पाठ केलेल्या माणसांपेक्षा कितीतरी वाईट बोलतात, हे खोडरबरने पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकलं. मामा आणि मावशी दोघंही गेलेले, तेव्हा त्यांचं रक्त मिळणं नाही. म्हणून आधी काकूंच्या आईचं रक्त तपासायचं आणि तिथे काय निघतं त्यावर काकूंचं ठरवायचं, असं बाईंनी सांगितलं. निकालाला चारेक आठवडे लागतील. कधीकधी निकालही धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही.

"मग मुलीला काय सांगू?"

"ते आज ठरवायला नको."

खोडरबरने कागदाकडे पाहिलं. मामाचा चौकोन काळा, धाकट्या मावशीचा गोल काळा, त्यांवर तिरक्या रेघा. आईच्या गोलात प्रश्नचिन्ह. बाण असलेल्या काकूंच्या गोलात प्रश्नचिन्ह. खाली मुलीच्या छोट्या गोलातही. रबर खिशात होतं. तिने ते काढलं नाही. ही प्रश्नचिन्हं पुसायची तर आत काय लिहिणार होती ती?

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. पंधरा मिनिटं होत आली होती. त्या सवयीने पिशवी आवरू लागल्या, रुमाल घडी करून आत ठेवला.

"घंटा व्हायची असेल ना आता?"

"आज घंटा नाही," बाई म्हणाल्या.

काकूंनी पिशवी खाली, पायाशी ठेवली.

"मग थांबा," त्या म्हणाल्या. "मामाचं नीट सांगते."